कॉमिक्सच्या जत्रेत आयेचा विळा

आये, तुझा विळा मी भर रांगेत उपसला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना... वाचणार कसली म्हणा, तुला कुठं वाचता येत होतं, आणि माझी तरी शाळा चौथीपातूरच. तर पुढचं ऐकताना तुझ्या जिवाला घोर नको. कुणाला लागलं न्हाय. पोरगी सुखरूप हाय. मंगळवार पेठेतल्या आपल्या ह्या स्वयंपाकघरात मी लिहीत बसलेय, गॅसवर डाळ शिजतेय आणि नात पलीकडं फोनवर खिदळतेय.

नात म्हणजे माझ्या धाकट्याची थोरली. तू गेलीस तेव्हा तिचा बापच पाळण्यात होता, तुला ती कुठनं ठाऊक असणार. ती चित्रं काढते. चौकटी आखते, चौकटीत माणसं, माणसांच्या तोंडातनं फुगे आणि फुग्यात त्यांचं बोलणं. त्याला कॉमिक्स म्हणतात. तिच्या कॉमिक्समधली बाई निळ्या तोंडाची हाय, डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा, आणि कुणी गरिबाला दमदाटी केली की ही तिथं हजर. "हे तुला कुणी सुचवलं गं?" म्हटलं, तर म्हणते, "तूच की! तुझ्या आयेचं सांगत असतीस न्हवं सारखं?" आता तुझं तोंड निळं होतं असं मी कवा सांगितलं? काळं म्हणाले असेन फार तर. पण असू दे.

तर अशा चित्रांची जत्रा भरते. लोक त्यातली सोंगं घेऊन येतात, आणि त्यातल्या निवडक सोंगांना मंचावर बोलावतात. हिला बोलावणं आलं. पण जत्रा असल्या शहरात, की नाव काढलं तर माणसं खिसा चाचपतात. नाव लिहीत न्हाय. नावं ठेवणारे ठेवतातच, मला आता ठेववत न्हाय. लेक म्हणाला, "तिथं भरदिवसा कोयते नाचवतात. कुणी कुठं जायचं न्हाय." पोरीनं महिनोन्‌महिने ते सोंग शिवलं होतं, चिकटवलं होतं. तिनं भांडण न्हाय केलं, नुसती ताटावरनं उठली. ते मला बघवेना. म्हटलं, "मी जाते संगट." लेक हसला. "तू काय करणार, आई?" काय करणार ते मी त्याला सांगितलं न्हाय.

फोमवर ठेवून कड गिरवायला पोरीनं तुझा विळा माळ्यावरनं काढला होता. त्यावरनं तिनं फोमचा विळा कापला, चंदेरी रंगवला, हुबेहूब. गिरवून झाल्यावर तुझा विळा माळ्यावर परत गेला न्हाय. तुझ्याच लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून भाकरीच्या पिशवीत गेला. लग्नाच्या आदल्या दिवशी तू तो मला दिलास ते अजून दिसतं बघ. तू चुलीपुढं बसलीयास, राखेनं पातं घासतीयास. "बाईनं मोकळ्या हातानं उंबऱ्याभाईर पडू नये," म्हणतीस. मी हौसेनं हवेत फिरवून बघते, तर दंडावर फुंकणी बसते. "दावायचा न्हाय! जवळ हाय एवढं पुरं!"

त्या शहरात उतरलो आणि माझी मूठ पिशवीत गेली ती गेलीच. रिक्षावाल्यानं भलत्याच बोळात रिक्षा घातली. "का रं बाबा, हिकडनं?" "पुढं रस्ता खोदलाय, मावशी." रस्ता खरंच खोदलेला दिसला, तरी मूठ काय सुटंना. मांडवापुढं ही रांग! शिंगं लावलेले, शेपट्या लावलेले, एकाला तर पोटातनं तिसरा हात. पोरगी निळं तोंड करून, भारा सावरत उभी. तिच्या फोमच्या विळ्याला तपासून चिठ्ठी बांधलेली. मी मागं. आणि तेवढ्यात एक धिप्पाड बाप्या, तोंडभर रक्त, हातात कुऱ्हाड, रांग मोडून धावतच आला. "सापडलीस!" म्हणून ओरडला आणि मागनं पोरीचा खांदा धरला. पोरगी किंचाळली.

मी विळा काढला. कसा काढला, मला ठाऊक न्हाय. त्याच्या मनगटाला पातं लावून म्हणाले, "हात काढ, मुडद्या! न्हायतर हितंच ठेवीन!"

 मग गुलाबी केसांची एक पोर टाळ्या वाजवायला लागली. "आजी, कसली भारी! नात आणि आजी सेम कॅरेक्टर? एक फोटो प्लीज!" चार फोन माझ्यावर रोखले. एकटा तो बाप्या हलत नव्हता. रंगाखालनं पांढरा पडत हळूच म्हणाला, "अहो, हा... हा खरा हाय."

"आज्जे! ह्यो माझा मित्र हाय! चित्रं काढतोय!" पोरगी आनंदानं किंचाळली होती, आये. आनंदानं.

दारावरची बाई आली. खाकी कपडे, माझ्या लेकीच्या वयाची. अंगठ्यानं धार बघितली आणि आम्हाला बाजूला घेतलं. "कुठून आलात?" "कोल्हापूर." "तरीच," म्हणाली. "आम्हाला सांगतात, कोल्हापूरकरांच्या नादाला लागू नका, लगेच हाणामारीवर येतात." बघ! आम्ही ह्यांना भ्यायचं आणि ह्यांनी आम्हाला. मला हसूही येईना. तिचा साहेब म्हणाला, दोघींनाही आत सोडायचं न्हाय, पोलिसांना बोलवा. आतनं भोंग्यावर मंचावरच्या सोंगांची नावं पुकारायला लागले. पोरीच्या तोंडावरचा निळा रंग डोळ्यांखाली ओघळायला लागला. "तू जा गं," म्हटलं. "मी बसते हितं." तर म्हणते, "तुला टाकून न्हाय जायची." रक्तवाला बिचारा हात जोडून साहेबाला सांगतोय, "सर, वार होणार होता तो माझ्यावर, आणि माझीच तक्रार न्हाय." भोंगा चालूच. साहेब काय ऐकंना.

मग ती खाकीतली बाई माझ्यापुढं वाकली. "आजी, खरं सांगा. कशाला आणलात?"

लेकापुढं जे कधी बोलले न्हाय ते तिच्यापुढं बोलले. "भ्याले, बाई. पोरगी तरणी हाय आणि मी म्हातारी."

तिनं साहेबाकडं बघितलं. साहेबानं डोकं खाजवलं. "टेबलाखाली ठेवून घे," म्हणाला, "जाताना देऊन टाक." आणि ती बाई मला म्हणाली, "माझी पण एक आहे घरी, एवढीच. जा आत. मोकळ्या हातानं जा, काही होत नाही."

गेले. आये, मंचावर पोरगी आली ती तुझ्यासारखी. मान ताठ, एक हात कमरेवर, भारा जराही हलंना. ती चाल तिला कुणी शिकवली? मी तर न्हाय. बाकीच्यांनी कुऱ्हाडी, तलवारी नाचवल्या. हिनं विळा कमरेचा काढलाच न्हाय. नुसती उभी राह्यली आणि सगळ्यांकडं बघितलं. एवढी पोरं शिट्ट्या मारत उठली की मांडव दणाणला. मीही उभी राह्यले, हात भाजेपर्यंत टाळ्या पिटल्या. टाळ्यांना दोन्ही हात मोकळे लागतात बघ.

तिला बक्षीस मिळालं न्हाय. एका डोळ्याच्या राक्षसाला मिळालं, त्याचा डोळा उघडझाप करायचा. तिला त्याचं काय न्हाय, पुढच्या सोंगाचं कापड बघून ठेवलंय. विळा मात्र तिथंच राह्यला. लेक कुरकुरतो, "आजीची एवढी एक खूण, तीही विसरून आलीस?" "म्हातारपण, बाबा," म्हणते मी. नात म्हणते फोन लावून मागवू, मी आज-उद्या करत टाळते. हा कागद कुठं धाडायचा, तर माळ्यावर विळ्याच्या जागी ठेवते.

तुला तेवढं खरं सांगते. विसरले न्हवते. त्या बाईनं टेबलाखालनं काढून पुढं केला होता. पण एका हातात पोरीचा खोटा विळा होता, दुसरा हात पोरीनं धरला होता. म्हटलं, "ठेव तुझ्याजवळ. तुझीही तरणी हाय न्हवं? दावू नको म्हणावं. जवळ हाय एवढं पुरं."