डावं मागचं चाक

३ मार्च, सोमवार

कालच्या चौथ्या नंबरची खरी किंमत: एक क्लच, पाच आठवड्यांच्या संध्याकाळी, माझ्या उजव्या अंगठ्याचं नख आणि बायकोचा दीड दिवसाचा अबोला. कप पहिल्या तिघांनाच देतात. आम्हाला मिळालं ते प्रमाणपत्र, त्यावरही कुणाच्या तरी कपाचा गोल डाग!

गाडी मात्र शहाण्यासारखी वागली. मडमीण. आम्ही तिला मडमीणच म्हणतो. साठ वर्षांची ब्रिटिश दोन-सीटर. छप्पर नाही, दारं नावापुरती, चाकं तारांची आणि मिजास राणीची. तेल पिते, आणि पिते त्याच्या निम्मं जमिनीवर गाळते. चालवते लेक, नटवतो मी.

घरी येताना लेक म्हणाली, "बाबा, उजवीकडे वळलं की मागच्या डाव्या चाकातून काहीतरी किणकिणतंय."

"हेल्मेटच्या आत सगळंच किणकिणतं."

गप्प बसली. गप्प बसण्यात ती आईवर गेलीय.

५ मार्च, बुधवार

तरी चाकं वाजवली. बाप आहे ना!

पद्धत उस्तादांची. चौदाव्या वर्षी त्यांच्याकडे रॉकेलमध्ये नट धुवायला लागलो, तेव्हा पहिली शिकलो ती ही. गाडी जॅकवर घ्यायची, चाक हळू फिरवायचं, लहान पान्याने एकेक स्पोक वाजवायचा. घट्ट असला तर टण्ण म्हणतो. सैल असला तर भद्द. एका चाकाला बहात्तर. चारही झाली की प्रत्येक टायरवर खडूने सही. सही नाही तर गाडी फाटकाबाहेर नाही. उस्ताद म्हणायचे, डोळे फसतात, हात थकतात, कान खोटं बोलत नाही. उस्ताद गेले, खडू माझ्याकडे आला. एकतीस वर्षं झाली. माझ्या सहीचं एकही चाक आजवर दगा देऊन परत आलेलं नाही. हे मी मिशीला पीळ देऊन सांगू शकतो, मिशी असती तर.

दोनशे अठ्ठ्याऐंशी स्पोक. सगळे ठीक.

एक खरं. पूर्वीचे स्पोक कसे टण्ण वाजायचे, देवळातली घंटा! हल्लीचे नुसते टक्क, टक्क. पोलादच भिकार. मागच्या वर्षी लेकीने चाकं बाहेर देऊन नव्या स्पोकनी बांधून आणली, त्याचं हे फळ. तिला तसं म्हटलं.

"मला तर टण्ण ऐकू येतंय," म्हणाली.

जुनं पोलाद ऐकलंयस कुठे तू!

८ मार्च

यंदा अंगणात रातकिडे नाहीत. औषधं मारतात ना जिकडेतिकडे.

१० मार्च, सोमवार

दातांचे डॉक्टर आले. आठवडाभर लोकांचे दात काढतात आणि रविवारी आमच्याच शर्यतीत स्वतःची गाडी पळवतात. मडमिणीचीच धाकटी बहीण, हिरवी. फाटकातून आत वळले तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो. उठलोसुद्धा नाही.

"डॉक्टर, बंद करा. क्रँकचं मधलं बेअरिंग गेलंय."

"अहो मिस्त्री, बॉनेट तरी उघडा!"

"तुम्ही तोंड न उघडता दात सांगत नसाल. मी सांगतो."

संध्याकाळपर्यंत इंजिन खाली उतरवलं. मधलंच बेअरिंग! कागदासारखं झिजलेलं. डॉक्टर माझ्याकडे असे बघत राहिले की मला उगाच हात पुसावेसे वाटले. मी म्हटलं, वर्कशॉप, घर, जमीन सगळं गेलं तरी चालेल, हे दोन कान राहिले की पुन्हा उभा राहीन. भांडवल तेच.

लेक तेव्हा पाने पुसत होती.

१२ मार्च, बुधवार

गाडीखाली झोपलेल्या माणसाला लोक भिंत समजतात. आयुष्यात जे काही महत्त्वाचं ऐकलं ते मी पाठीवर झोपून ऐकलंय.

आज हिरवीच्या खाली होतो. डॉक्टर लेकीशी बोलत होते. त्यांचा आवाज मुळात ढोलासारखा, हळू बोलले तरी ऐकू येतं.

"माझ्याकडे ये. गाडीची सगळी तयारी तुझ्या हाती. मी मधे बोलणार नाही."

तिचं उत्तर मला नीट ऐकू आलं नाही, मधे पत्रा होता. डॉक्टरांचं पुढचं आलं.

"म्हातारा हिरा आहे गं. पण सहा वर्षं झाली, अजून तुझ्या हाती खडू देत नाही!"

म्हातारा! अठ्ठावन्न म्हणजे म्हातारा?

बाहेर आलो तेव्हा दोघं हवामानावर बोलत होते. मीही दोन शब्द हवामानावर बोललो.

१३ मार्च

रात्री जेवताना सरळ विचारलं. आडून बोलणं मला जमत नाही, आणि जमलं तर त्याचा त्रास होतो.

"डॉक्टरांकडे जाणारेस?"

ती दचकली नाही. म्हणाली, "तेवीसची शर्यत मोसमातली शेवटची. तोवर मी मडमिणीची. पुढचं तुमच्यावर. मी चालवते त्या गाडीच्या चाकांवर मला माझी सही हवीय, बाबा."

"ज्या दिवशी तुझा कान माझ्यापेक्षा जास्त ऐकेल त्या दिवशी खडू तुझा. हा शब्द."

बायको ताटातून मान वर न करता म्हणाली, "शब्द जपून द्यावा माणसाने."

१५ मार्च, शनिवार

लेकीने नवीन पाना आणलाय. स्पोक ठरावीक जोरावर आवळला की कट् करून हातात सुटतो, सैल असला तर लगेच कळतं. खोक्यात मखमल काय, वर पुस्तिका काय. लग्नातला हार असावा तसा!

"याला कान आहेत का?" मी विचारलं.

"नाहीत. म्हणून तर तो वाद घालत नाही."

हसू आलं, दाबलं. पण पाना पेटीतच ठेवायला लावला. एका चाकाला दोन मालक नकोत. एक मोजणार, एक वाजवणार, आणि चूक झाली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. असली वर्कशॉपं पाहिलीत मी, बुडालेली.

मोजू दिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं नंतर वाटलं. पण बोलून बसलो होतो.

१८ मार्च

बायको स्वयंपाकघरात ओरडली. किटली शिट्टी मारून मारून कोरडी झाली, आणि मी दोन हातांवर बसलेला!

"विचारात होतो," म्हटलं.

"कसल्या?"

"कार्ब्युरेटरच्या."

"ते शिट्टी मारत नाहीत वाटतं."

या बाईने वकिली करायला हवी होती.

२० मार्च, गुरुवार

दिवसभर दोन्ही कार्ब्युरेटर जुळवले. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं तोंडाशी, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोघांचा श्वास सारखा यायला हवा. नवरा-बायकोसारखं आहे ते. एकाने जास्त ओढलं की दुसरा धूर काढतो. चारच्या सुमाराला जुळलं. मडमीण मांजरीसारखी घुरघुरायला लागली. असल्या दिवशी वाटतं, उस्ताद बघायला हवे होते.

लेक चक्कर मारून आली. इंजिन सुरेख, म्हणाली. मग थांबून, "चाक अजून बोलतंय, बाबा."

मी पुन्हा वाजवलं. डावं मागचं, बहात्तरच्या बहात्तर. टक्क, टक्क, टक्क. एकासारखा एक. भद्द एकही नाही. तिला तिच्या नव्या पान्याने एकच स्पोक बघायचा होता. नाही म्हटलं.

"ऐकलंस ना? सगळे सारखे."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. काय बघत होती कोण जाणे.

सही केली.

२२ मार्च, शनिवार

ट्रॅकवर पोचलो. शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीची तपासणी असते. तपासनीस जुना दोस्त, ब्रेक बघतो, पट्टे ओढून बघतो, चाकांशी आला तेव्हा फक्त खडू बघितला. "यांची सही आहे म्हणजे पुढे बघायचं कारण नाही," असं मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

मी बुटाकडे बघितलं. पण छाती दोन इंच वाढली हे लिहायला हरकत नाही. इथे कोण वाचतंय!

२३ मार्च, रविवार

घडलं तसं लिहितो.

बारा फेऱ्यांची शर्यत. लेक सहावी सुटली, चौथ्या फेरीला चौथी, सहाव्याला तिसरी. पुढे डॉक्टर, त्यांच्या पुढे एक लाल गाडी. मी कुंपणाला धरून होतो. मडमिणीचे चारही सिलिंडर एका सुरात गात होते. शेजारच्याला म्हटलं, "ऐका, ऐका नुसतं!"

सातव्या फेरीला ती आत आली. आपणहून! तिसरा नंबर सोडून!

धावत गेलो. "का थांबलीस?"

"मागचं डावं. आता किणकिण नाही, खडखड आहे."

जॅक लावला. चाक फिरवलं, पाना घेतला, वाजवलं. टक्क, टक्क, टक्क. "ठीक आहे! जा! जा म्हणतो ना!"

ती गेली नाही. इंजिन बंद केलं. हेल्मेट काढलं, हातमोजे काढले, माझ्या हातातून लहान पाना घेतला आणि तपासनिसाच्या हाती दिला. "काका, तुम्ही वाजवा."

त्याला काय, तो माझाच माणूस. हसत खाली बसला. पहिले तीन वाजवले. चौथ्याला हसायचा थांबला. तोच पुन्हा वाजवला. मग माझ्याकडे वर बघितलं.

मी कानाने काहीच वेगळं ऐकलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर ऐकलं.

"मिस्त्री, हा मेलेला आहे. हाही. अहो, इथे तर सलग तीन आहेत."

लेकीने तिचा पाना आणला. अकरा सैल. दोन मानेशी तडकलेले. उजव्या वळणावर गाडीचा सगळा भार याच चाकावर येतो. तपासनीस म्हणाला, "अजून एक-दोन फेऱ्या आणि…" आणि पुढे म्हणाला नाही. भला माणूस.

टायरवर माझी सही होती. धुळीतसुद्धा स्पष्ट.

डॉक्टर दुसरे आले. कप घेऊन आमच्याकडे आले, कप पाठीमागे लपवून. लेकीने तो ओढून बाहेर काढला आणि अभिनंदन केलं. परतताना गाडी ट्रेलरवर होती. फाटकाशी मी खिशातला खडू काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिने मूठ मिटली.

"डॉक्टरांना काय सांगू?" एवढंच विचारलं.

"सांग, वर्कशॉपला माणूस मिळाला."

२४ मार्च, सोमवार

रात्री झोप नाही. एकच गोष्ट धरून बसलोय. पोलाद. नवीन स्पोकना आवाजच नसेल तर माणूस काय ऐकणार? तपासनिसाचा कान चाळिशीतला, त्याला भिकार पोलादातलंही कळत असेल. चाक उद्या खोलायचं. जिथून स्पोक आणले त्या दुकानाला चार शब्द सुनावणार आहे मी.

२५ मार्च, मंगळवार

लेकीने चाक खोललं, मी शेजारी उभा. रिमच्या आतलं ग्रीस पुसलं तेव्हा तीन ठिपके दिसले. ती माझी खूण. मी बांधलेल्या प्रत्येक चाकात मी ठोकतो.

"मागच्या वर्षी तीनच चाकं दिली होती, बाबा," ती म्हणाली. "याला तुम्ही हात लावू दिला नव्हता."

डाव्या मागच्या चाकात एकही नवा स्पोक नाही. बहात्तरच्या बहात्तर जुन्या पोलादाचे आहेत, बावीस वर्षांपूर्वी मीच बसवलेले, तेच टण्ण वाजायचे ते.