रुखमाबाईच्या नावाची कांडी

१२ जानेवारी
बेचाळीस बायका! शिबिरासाठी घरोघरी फिरून नावं लिहिली. सगळ्यायले सांगितलं — गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आहे, लाजू नका. कापसाची कांडी आतून आपणच फिरवायची, डबीत टाकायची.
फक्त रुखमाबाई नाई म्हणाली. "नवरा जाऊन नऊ वर्षं झाले, मले काय होते?"
मी गावची आशाताई, आरोग्याचं काम माझंच. माझंच नाव यादीत नाई.

१३ जानेवारी
नर्सबाई यादी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचते. कशी टाकू नाव? दोन वर्षांपासून अंगावरून पांढरं जाते. माझा नवरा प्रवीण माजरीच्या कोळसा खाणीतून घरी आला की ओसरीत झोपते. एकदाच बोलला — "वास येते तुले." तेव्हापासून रोज तुरटीच्या पाण्यानं आतपर्यंत धुते. तरी ओसरीतच! आता तर दोन महिने झाले, आलाच नाई.

१६ जानेवारी
केलं! रुखमाबाईचं नाव लिहून, तिनं घरीच घेतली सांगून, माझी कांडी दिली.

६ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. एकीलाच विषाणू निघाला — 'रुखमाबाई'ला. नर्सबाईनं हेही मोठ्यानंच वाचलं.
प्रवीणले फोन लावला. उचलला नाई. घर खायला उठते.

८ फेब्रुवारी
चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंना 'एका बाई'बद्दल विचारलं. म्हणाल्या, धुऊन धुऊन आतले चांगले जंतू मरतात, वाईट वाढतात, मग विषाणू लवकर निघत नाही. तो संबंधातून येतो, पण वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. हा कॅन्सर नाही, पण पुढची तपासणी टाळू नका. "तिला सांगा, तिचा काही दोष नाही."
फोन ठेवून लय रडली. इतकं गोड माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं. अन् तेही दुसरीच्या नावानं!

१० फेब्रुवारी
नळावर कुजबुज. "नवरा नाई, अन् असा रोग? कुठी जात होती रुखमा?" तिच्या पाण्याच्या गुंडाजवळ कोणी आपला गुंड ठेवेना. ती मान खाली घालून पाणी भरत होती.
हे मी केलं. मी!

११ फेब्रुवारी
नळावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं — तो रिपोर्ट माझा आहे. बायकायनं गुंड भरले, गेल्या. रुखमाबाईही गेली.

१२ फेब्रुवारी
सकाळीच रुखमाबाई दारात. "माह्या नावाची माती केली तू!" मग ओसरीत बसली, प्रवीण झोपते तिथीच. हळूच बोलली, "चार वर्षं झाले, मलेबी पांढरं जाते वो. कोणाले सांगू? चंद्रपूरले मीबी येतो तुह्यासंगं. एक कांडी घेजो — माह्या नावाची. खरोखरची."