पुस्तक संपेपर्यंत भात नाही

बालाघाट,
श्रावण वद्य पंचमी

ती. गोदाबाई वन्सं यांच्या चरणी सौ. अनुसयेचे दंडवत.

आपण नागपूरहून पाठवलेली पेटी आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी गोंदियाहून छोट्या गाडीनं आली. आत निघालं ते असं: लिंबाच्या लोणच्याची बरणी एक (शाबूत), मुगाच्या वड्यांची पिशवी एक, माणिकसाठी तुमचं निळं लुगडं (तिला अजून नेसता येत नाही, पण आरशासमोर दोनदा गुंडाळून झालं), आणि तळाशी दाबून भरलेली तुमची जुनी पुस्तकं. रेल्वेचं भाडं दोन रुपये दहा नवे पैसे पडलं. हमाल चार आणे मागत होता, "बाई, किताबें हैं कि पत्थर?" म्हणाला. त्याला तीन आण्यांत पटवलं. पोच लिहायला एवढा उशीर झाला त्याबद्दल रागावू नये, कारण त्या पेटीनंच मला ज्या संकटात घातलं आहे त्यातून डोकं वर काढून आज पहिल्यांदा लिहायला बसले आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? भावजींचा दमा पावसाळ्यात उचल खातो, त्यांना रात्री दही देऊ नये. इकडे देवाच्या कृपेनं सर्व खुशाल आहोत, म्हणजे हे आणि माणिक खुशाल आहेत. मी पोळीवर आहे.

आधी शाळेचं कपाट माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगते. माणिक यंदा दहावीत गेली. शाळेच्या फीच्या पावतीत दर वर्षी 'वाचनालय' म्हणून वेगळी रक्कम असते. ती मी बिनबोभाट भरत आले आणि आजवर त्या वाचनालयाचं एक पुस्तक माझ्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. भाजीवालीनं पैसे घेऊन भाजी दिली नाही तर आपण गप्प बसतो का? म्हणून तणतणत गेले बडी बहनजींकडे (इथे मुख्याध्यापिकेला असंच म्हणतात). त्यांनी मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि एका गंजक्या कुलपासमोर नेऊन उभं केलं. कपाट सांभाळणाऱ्या बाईंची बैहरला बदली झाली तेव्हापासून ते उघडलेलंच नव्हतं. पुस्तक हरवलं तर पगारातून कापतात, म्हणून दुसरं कुणी किल्लीला हात लावीना. बहनजी म्हणाल्या, "आप तो मैट्रिक हैं. आप ही सँभालिए. आपकी तनख़्वाह ही नहीं, तो कटेगी क्या?" मी भांडायला गेले होते वन्सं, आणि पदराला किल्ली बांधून परत आले. हे जेवता जेवता म्हणाले, "लोक शाळेत जाऊन मुलीचा दाखला आणतात, तू कपाट घेऊन आलीस."

मी कपाट पुसलं, वाळवी झटकली, कडुलिंबाचा पाला घातला, तुमची पुस्तकं पण त्यात मांडली (नुसती पेटीत कुजण्यापेक्षा), आणि शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास बसू लागले. कोण येतं? पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी म्हणजे खिडकीशी बसलेल्या चिमण्या, आपण जवळ गेलो की भुर्र. बाहेर भिंतीवर ओळीनं बसायच्या, चिंचा खायच्या आणि माझ्याकडे बघून फिदीफिदी हसायच्या. आत एकटी माणिक, तीही माझ्या धाकानं, जांभया देत. मी विचारलं, एवढी चांगली बोधपर पुस्तकं आहेत, वाचत काहून नाहीस? तर म्हणते, "आई, यातल्या सगळ्या मुली शेवटी शहाण्या होतात. पहिल्याच पानावर कळतं."

मग मला श्रावण सुचला. आपल्या राममंदिरात पोथी लागली की बायका हातातली कामं टाकून येतात. त्यांना कुणी आग्रह करत नाही. रोजचा ठरलेला अध्याय असतो, नेमकं अडचणीच्या जागी गुरुजी पोथी मिटतात, आणि हातावर काहीतरी गोड पडतं. मी म्हटलं, पुस्तकाला हीच रीत लावू. तुमच्या पुस्तकांतलं एक जाडजूड, कव्हर नसलेलं, नाव नसलेलं काढलं (पहिलं पान केव्हाच गेलेलं, सुरुवातच "त्या काळोख्या वाड्यात" अशी). पाटावर लाल फडकं घातलं, त्यावर पुस्तक ठेवलं, एक उदबत्ती लावली आणि प्रसादाला चिमूट चिमूट फुटाणे-साखर. मोठ्यानं वाचायला लागले. तिसऱ्या दिवशी भिंत रिकामी झाली. ज्यांना मराठी अडतं त्यांना शेजारची पोर हिंदीत कानात सांगायची. त्यांच्या आया घ्यायला आल्या की दारातूनच लाल फडकं बघून हात जोडायच्या, आणि मैनाबाई (शाळेची चपराशीण) तर रोज त्या पुस्तकावर जास्वंद वाहायची. पुस्तकाच्या आत काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुमुदिनीच्या मामंजींना दुधातून विष दिलेलं, आळ कुमुदिनीवर, तो लंगडा वकील रात्री विहिरीपाशी काय पुरतो कळत नाही. जास्वंद वाहिलेल्या पुस्तकात इतकं विष, मला रोज घरी येऊन देवापुढे कान पकडावे लागत. पण पोरी येत होत्या वन्सं! पाऊस असला तरी, छत्री नसली तरी.

आता माझी चूक. पहिल्या दिवशी पाटासमोर बसले, समोर उदबत्ती, हातात पाण्याचा पेला, आणि सवयीनं तोंडातून संकल्प निघून गेला: ग्रंथ पूर्ण होईपर्यंत भात वर्ज्य. दर श्रावणात म्हणते ना, जीभच वळलेली. पाणी सोडलं आणि मग लक्षात आलं की ही पोथी नव्हे. पण सोडलेलं पाणी परत घेता येत नाही. त्यात, आत येऊ लागल्यावर पोरींना ते कळलं आणि फार आवडलं. गिरणीवाल्या मोतीलालशेठची सीता उठून उभी राहिली, "मौसी, हम भी नहीं खाएँगे." तिच्या मागे आठ जणी. मला वाटलं, बरंच आहे, मधे सोडून पळणार नाहीत. पुस्तक पंधरवड्यात संपेल.

राखीच्या आदल्या दिवशी शेवटाला आलो. कुमुदिनी कंदील घेऊन जिना उतरते, दार वाजतं, ती उघडते, आणि "दारातल्या व्यक्तीला पाहून तिच्या हातातला कंदील गळून पडला. कारण ती व्यक्ती" आणि पान संपलं. मी उलटलं. पुढे पान नाही. नुसता दोरा. वन्सं, माझ्या पायांखालची सतरंजी सरकली. तुम्ही म्हणाल, आधी शेवटचं पान बघून घ्यायचं होतं. पण पोथीचा शेवट कुणी आधी उघडून बघतं का? जन्मात नाही बघितला, मग याचा कसा बघणार! (तुमच्या घरात ती पानं कशाला लागली असतील याबद्दल मी काही म्हणत नाही. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला कागद मात्र उलगडून बघितला. त्यावर गणिताची उत्तरं होती.)

ग्रंथ अपुरा म्हणजे संकल्प अपुरा, आणि संकल्प अपुरा म्हणजे भात नाही. बालाघाटात राहून भात नाही! इथे पाहुण्याला पाणी विचारावं तसा भात विचारतात. मैनाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तांदूळ सरले असतीन तं सांगा ना, लाजता काहून?" आणि दुसऱ्या दिवशी पदराखालून पायलीभर चिन्नोर तांदूळ घेऊन आली. त्याचा वास घरभर. मी पोळी गिळत होते आणि डोळ्यांत पाणी. ह्यांनी तेवढ्यात कोर्टातली भाषा काढली, "अपील करून बघ."

पण खरी भीती माझ्या भाताची नाही. मोतीलालशेठ हे शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आणि त्यांची तांदळाची गिरणी. सीता घरी भात खात नाही ही गोष्ट बाजारात पसरली. परवा ते स्वतः आमच्या ओसरीवर येऊन बसले, चहाला हात लावला नाही. म्हणाले, "अनुसयाबाई, बाज़ार में पूछते हैं, मोतीलाल की बेटी अपनी मिल का चावल क्यों नहीं खाती? क्या मिलाया है? अब मैं क्या बोलूँ, किसी कुमुदिनी का इंतज़ार है?" येत्या मंगळवारी कमिटी बसणार आहे. कपाटाला कुलूप घालून किल्ली ऑफिसात जमा करायची असा ठराव ते आणणार. बडी बहनजी आता मला बघून दुसऱ्या व्हरांड्यानं जातात.

आणि नेमकं आत्ता कुलूप पडावं, हे माझं दुर्दैव. कारण ती पानं निसटून दुसऱ्या पुस्तकात गेली असतील असा सीतेला संशय आला. तेव्हापासून पोरी कपाटातलं एकेक पुस्तक काढून पान न् पान उलटतात. उलटता उलटता हात थांबतो, हात थांबला की मान खाली, मान खाली गेली की हाक ऐकू येत नाही. "मौसी, घर ले जाकर ठीक से देखूँगी" म्हणून नेतात. कपाटात आता मोजकीच पुस्तकं उरली आहेत. माणिकसुद्धा काल पोळी करपवून बसली, तव्याजवळ पुस्तक. मी रागावले आणि मग देवघरात जाऊन देवाला साखर ठेवली. या मुलींचा सोळा वर्षांत कुणी पुस्तकाला हात लागू दिला नव्हता हो. कुलूप पडलं तर ते आता त्यांच्या मुलींच्या वेळेलाच उघडेल.

तेव्हा पदर पसरून मागणं एवढंच. पुस्तकाचं नाव माहीत नाही, म्हणून दुकानात मागवता येत नाही. ते वाचलेलं माणूस माझ्या ओळखीत तुम्ही एकट्याच. दारात कोण होतं आणि पुढे काय झालं ते जसं आठवेल तसं लिहून मंगळवारच्या आत पोचेल असं धाडावं. हाताचं अक्षर चालेल, पूर्वीच्या पोथ्या हातानंच लिहीत. मी वाचून संकल्प पुरा करीन, सीता भात खाईल, शेठजी शांत होतील. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
सौ. अनुसया

ता. क. (शनिवार) ह्यांच्या खिशात हे पत्र तसंच राहिलं, म्हणून पुढचं लिहिते. राममंदिरातल्या गुरुजींना जाऊन विचारलं. ते म्हणाले, वडिलांना न विचारता पोरींनी केलेला संकल्प धरत नाहीत, त्यांनी खुशाल जेवावं. तुमचा मात्र सुटत नाही. पोरींनी काल भात खाल्ला. सीतेनं तिसऱ्यांदा मागून घेतला असं तिची आई सांगत होती. एक चिंता मिटली.

ता. क. दुसरा (रविवार, घाईत) काल संध्याकाळी मोतीलालशेठ शाळेत आले, कपाटाचं कुलूप स्वतः तपासायला. मुलींनी हट्ट धरला होता म्हणून मी शेवटचा अध्याय पुन्हा वाचत होते. ते चपला न काढता दारात उभे राहिले. मग चपला काढल्या. मग बाकावर बसले. दार वाजलं, कंदील पडला, "कारण ती व्यक्ती", मी थांबले. शेठ म्हणाले, "आगे?" मी म्हटलं, आगे पन्ना नहीं है. म्हणाले, "नहीं है मतलब? कौन था दरवाज़े पे? वकील?" सीता म्हणाली डॉक्टर. बाप-लेकींचं तिथेच जुंपलं. जाताना बहनजींना सांगून गेले की नागपूरहून शेवट येईपर्यंत कपाट उघडं राहू द्या, ठराव नंतर बघू. आज सकाळी गिरणीचा माणूस विचारायला आला, डाक आली का.

म्हणून वन्सं, वरचं मागणं रद्द समजावं. शेवट आला की कमिटी बसेल आणि कुलूप पडेल. निदान पोरींच्या वार्षिक परीक्षेपर्यंत तो येता कामा नये. माझं काय, पोळीची सवय झाली आहे. तुम्ही एक साधं कार्ड टाकावं, ते वाटेत सगळेच वाचतात आणि मीही शाळेत वाचून दाखवीन: "नीट आठवत नाही, पानं शोधते आहे." खोटं लिहा असं मी म्हणत नाही, एकदा माळ्यावर चढून इकडेतिकडे बघितलं की झालं (गुडघे सांभाळून, नाहीतर भावजींना चढवावं). आणि दुसरं एक बंद पाकीट, चांगलं खळ लावून, ह्यांच्या कोर्टाच्या पत्त्यावर, माझ्या एकटीच्या नावानं: दारात कोण होतं? मला झोप नाही वन्सं. वाचून चुलीत घालीन, माणिकलाही सांगणार नाही. कार्ड सावकाश आलं तरी चालेल. पाकीट मात्र उलट टपाली धाडावं.