गोड्या पाण्याची बादली

बाबा, मला पाण्याखाली न्यायचा कॅमेरा घ्यायचाय आणि कुठला घ्यावा ते ठरत नाहीये. तुम्ही आधी हसाल, कारण चौपाटीवर घोट्याएवढ्या पाण्यात गेलं तरी तुमचा सदरा धरून ठेवणारी मुलगी मी. पण पन्नाशी जवळ आली तेव्हा मालवणला जाऊन स्कूबा शिकून आले. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, आणि खाली आपल्याच गावच्या समुद्रात पिवळ्या-निळ्या माशांचे थवे. तुमचं सगळं लहानपण त्या किनाऱ्यावर गेलं आणि त्या पाण्याखाली काय आहे ते तुम्ही कधी पाहिलं नाहीत, हे मला खाली गेल्यावर दर वेळी आठवतं. दाखवायला कोणी नाही, तरी फोटो काढावासा वाटतो. फोर्टातल्या एका दुकानात मी तीन वेळा जाऊन रिकाम्या हाताने परत आले. दुकानदाराला वाटतं, बाई फार चिकित्सक आहे. खरं कारण मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्हालाही कधी सांगितलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय कॅमेरा घेऊन मला पाण्यात उतरता येईल असं वाटत नाही.

दुकानदार तसा भला माणूस आहे. "मॅडम, पहिलाच आहे ना? मग सिंपल ठेवा," असं म्हणून तो काडेपेटीहून जरा मोठा ॲक्शन कॅमेरा पुढे करतो. "मनगटाला लावा, बटण दाबा, विसरून जा. तुमचं लक्ष श्वासावर पाहिजे." दुसरा आहे तो नेहमीचा खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा आणि त्याला बाहेरून घालायचा जाड पारदर्शक डबा, ज्याला हे लोक हाउसिंग म्हणतात. त्याने बोटाएवढा मासासुद्धा डोळ्यांसकट येतो. पण दोन्ही हात अडकतात, आणि डब्याच्या तोंडाशी एक रबरी कडी असते, ती दर वेळी काढून, पुसून, ग्रीसचं बोट फिरवून परत बसवावी लागते. तिच्यावर एक केस राहिला तरी पाणी आत. शिवाय खाली लाल रंग मावळतो, माझं लाल नेलपॉलिश तिथे मातकट दिसतं, म्हणजे सोबत टॉर्च हवा नाहीतर फिल्टर हवा. मी सगळं ऐकून घेतलं आणि तुमचाच प्रश्न विचारला, "हा उघडतो कसा?" तो ॲक्शन कॅमेरा उलटासुलटा करून बघत राहिला. "आता उघडतंय कोण मॅडम? बिघडला की बदलून टाकायचा." तुम्ही तिथे असतात तर त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतंत.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही दादरला हिंदमाता थिएटरच्या मागच्या गल्लीत, एका फोटो स्टुडिओच्या जिन्याखाली बाकडं टाकलंत. मागांचे नट आवळणारे ते हात तिळाएवढे स्क्रू कसे सोडवायला लागले ते मला अजून कळलेलं नाही. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस म्हणजे तुमचा हंगाम. विसर्जनाचे फोटो काढायला लोक गिरगाव चौपाटीवर कमरेएवढ्या पाण्यात शिरायचे, कोणाचा तरी धक्का लागायचा, आणि सकाळी बाकड्यासमोर रांग. तुम्ही पाटीच लावली होती, 'समुद्रात पडलेला कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून आणावा.' लोक ती वाचून हसायचे, आणि आणायचे मात्र तांदळाच्या डब्यात खुपसून, कारण तांदूळ ओल ओढून घेतो हे घराघरात ठाऊक. मी तुमचं जेवण घेऊन आले होते तेव्हा एका गृहस्थाला तुम्ही माझ्यादेखत झापलंत. राग आला की तुम्ही मालवणीवर यायचात. "पाणी नाय मारीत, मीठ मारता! ओलो होतो तवसर जितो होतो. तुम्ही सुकवून मारलात तेका." मग आवाज जरा खाली आणून, "रोलसुद्धा ओलोच हाडूचो. ओलो आसलो तर धुवूक येता. सुकलो काय चिकाटलो." तो गृहस्थ तांदळाचा डबा छातीशी धरून तसाच उभा होता. मला त्याचं हसू आलं होतं.

मला माटुंग्याच्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही तुमचा स्वतःचा कॅमेरा मला देऊन टाकलात. दोन मेलेल्या कॅमेऱ्यांचे भाग जुळवून उभा केलेला, अंग काळं आणि वरची पट्टी चंदेरी, त्यामुळे हजारांत ओळखू यावा असा. विसर्जनाच्या सकाळी त्यात नवा रोल भरलात आणि विचारलंत, "पयलो फोटो कोणाचो?" मी म्हटलं, तुमचा. जगाचे कॅमेरे नीट करणाऱ्या माणसाचा आपल्या घरात एकही धड फोटो नव्हता. तुम्ही बाकड्यावर बसलात, डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलंत आणि हसलात. मी तीन फोटो काढले, तिन्हीत तुम्ही हसत होतात. "वाळूवरसून काढ हां, पाण्यात जाव नको," एवढं बजावून मला मैत्रिणींबरोबर चौपाटीवर पाठवलंत. मी आधी घोट्यापर्यंत गेले, मग गुडघ्यापर्यंत. एक लाट आली, पट्टा हातातून सुटला, आणि कॅमेरा वाळूतून चाचपून काढेपर्यंत तो पाणी पिऊन चुकला होता.

मी घरी येते. काय करायचं ते मला तोंडपाठ आहे. मोरीत बादली आहे, पिंपात पाणी आहे. पण लालबागच्या आपल्या एका खोलीत पाण्यात बुडलेला कॅमेरा लपवायचा कुठे? तुम्ही हात धुवायला आलात की संपलंच. आई गावी गेलेली आहे, भात मी लावते, तांदळाच्या डब्यात माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही. मी कॅमेरा रुमालात गुंडाळते आणि तांदळाच्या तळाशी खुपसते. मग तुम्ही आल्यावर सांगते, गर्दीत चोरीला गेला.

तुम्ही रागावला असतात तर मी कदाचित लगेच खरं बोलले असते. तुम्ही म्हणालात, चोराला रोल धुवायला तर द्यावाच लागेल. आणि दादरपासून लालबागपर्यंतच्या सगळ्या स्टुडिओंत सांगून आलात, "पहिल्या फोटोत माझं थोबाड असेल. दिसलं की निरोप द्या." कित्येक महिने कामावरून येताना एखाद्या स्टुडिओत डोकावायचात. घरी येऊन मान हलवायचात, आणि मीही मान हलवायचे. कॅमेरा तोवर तांदळातून निघून तुमच्या डोक्यावरच्या माळ्यावर, माझ्या जुन्या पुस्तकांच्या पेटीत, मिठाने आवळून पडलेला होता. आज सांगू, उद्या सांगू करत चार वर्षं गेली आणि तुम्ही गेलात. भिंतीवर लावायला फोटो नव्हता म्हणून गिरणीच्या पासावरचा मोठा करून घेतला. त्यात तुम्ही कोणावर तरी डाफरल्यासारखे दिसता. आई अखेरपर्यंत त्याच्याकडे बघून म्हणायची, "हे असे नाय होते गो." मी तेव्हाही गप्प बसले. मला त्याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात मालवणला, मला शिकवणाऱ्या सरांनी त्यांचा हाउसिंगवाला कॅमेरा एका डाइव्हपुरता दिला. "आधी पाण्यात स्थिर ऱ्हवाक शिका, मगे फोटो," असं ते वर्षभर म्हणत होते. त्या दिवशी मी एका खडकाजवळ बऱ्यापैकी स्थिर राहिले आणि एका पिवळ्या माशाचे दोन फोटो काढले. वर आले, होडीच्या कडेला हात टेकला, तर सरांनी पाण्याने भरलेली बादली पुढे सरकवली. "मॅडम, पयलो कॅमेरो बादलीत. तसोच सुकाक देव नकात, मीठ धरता." मी कॅमेरा गोड्या पाण्यात सोडला आणि रडायलाच लागले. त्यांना वाटलं माझा कान दुखतोय. बिचारे परत येईपर्यंत मला कान मोकळा व्हावा म्हणून जांभई द्यायला सांगत होते.

काल मी चौथ्यांदा दुकानात गेले, या वेळी तुमचा कॅमेरा पिशवीत घालून. दुकानदाराने तो हातात घेऊन रोल गुंडाळायची कळ हळूच फिरवून पाहिली आणि थांबला. "आत रोल आहे मॅडम. मी जोर नाही लावत." परळला एक जण अजून हाताने रोल धुतात, म्हणाला. बहुतेक चिकटलेलाच असेल, पण पाण्यात ठेवून सावकाश सोडवला तर सुरुवातीचा एखादा फोटो निघेलही, सांगता येत नाही. मी मान डोलावली. मग हाउसिंगवाला कॅमेरा घेतला. तो दर वेळी उघडावा लागतो, पुसावा लागतो, म्हणून घेतला.

आता दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी आहेत. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, घडी करून नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यात ठेवीन. उद्या परळला जायचंय. कोणी विचारलं तर सांगेन की रोल कोरा निघेल याची धास्ती वाटते. पण ते खरं नाही, बाबा. कोरा निघाला तर मी सुटेन. मला धास्ती आहे ती तुम्ही निघाल याची, जिन्याखाली बाकड्यावर बसलेले, भिंग कपाळावर, आणि माझ्याकडे बघून हसत असलेले.