लक्ष्मीपूजनापर्यंतचा हिशेब

जुळे सोलापूर,
ता. १२ एप्रिल २०२५

चि. सोनम हिस आप्पाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला काही ऐकू येत नाही, उलट मीच ओरडतो आणि खालच्या मजल्यावरचे गुरुबसप्पा जिन्यात येऊन विचारतात, काय झालं म्हणून. त्यापेक्षा पत्र बरं. ऊन भयंकर आहे. तुझी आई गेल्यापासून भाकरी मीच थापतो. गोल होत नाही, पण पोटात गेल्यावर कोण बघतंय.

एक सांगायचं होतं. घरखर्च लिहायचा जो प्रोग्रॅम तू कॉम्प्युटरवर घालून दिला होतास, त्यातली फाइल बिघडली. दिवाळीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता, तो चालला. लक्ष्मीपूजनाला आईनं वहीऐवजी तो पेनड्राइव्हच पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं, आठवतं ना? टोपणातलं कुंकू दातांच्या जुन्या ब्रशनं झाडलं आणि लावला. तेव्हा आता हिशेब लक्ष्मीपूजनापर्यंतचाच आहे. पासबुकाशी मेळ बसत नाही, नसू दे. वर्षअखेरीचा हिशेब लावायला तू येणार होतीस, त्याची आता गरज उरली नाही. एवढ्या उन्हात धावपळ करू नकोस. मल्हाररावांना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद. लोभ आहेच.

तुझे,
आप्पा

टेंभुर्णी,
ता. १८ एप्रिल २०२५

ती. आप्पांना सोनमचा शि. सा. न.

पत्र मल्हारांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, पासबुकाशी मेळ बसत नाही तर नसू दे, हे वाक्य आप्पांचं नव्हेच. लहानपणी चार रुपये सापडेनात म्हणून तुम्ही आम्हाला जेवायला बसू दिलं नव्हतं, ते मी त्यांना सांगितलं. हसून हसून पुरेवाट झाली. मग मात्र काळजी वाटली.

आप्पा, फाइल आपोआप जुनी होत नाही. जुना बॅकअप परत आणायचा म्हटलं, की तो प्रोग्रॅम दोनदा विचारतो, यानंतर लिहिलेलं सगळं पुसलं जाईल, चालेल का. दोन्ही वेळा हो म्हणावं लागतं. रागावू नका, पण काय झालं ते खरं कळवा.

हिशेब मात्र गेलेला नाही. तुम्ही महिन्याच्या महिन्याला बॅकअप घेता, पण दिवाळीचा तेवढा सोडला तर सगळे त्याच कॉम्प्युटरात. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्यातला प्रकार. म्हणून आईच्या तेराव्याला मी त्या फाइलीची प्रत माझ्या लॅपटॉपवर घेतली होती. अजून उघडली नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा घेऊन येते. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळत जा. माया असू द्या.

तुमची,
सोनम

जुळे सोलापूर,
ता. २४ एप्रिल २०२५

चि. सोनम हिस आप्पाचे अ. उ. आ.

फाइल बिघडली नव्हती. दोन्ही वेळा मीच हो म्हटलं.

नोव्हेंबरात तुझी आई म्हणाली, की बाजूला लई कळ मारतीया, काय तरी बघा की. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. मी म्हटलं, पेन्शन झाली की करू. आणि त्याच आठवड्यात स्कूटरला दोन्ही टायर नवे घातले. पंचवीस नोव्हेंबर, टायर, तीन हजार दोनशे. सोनोग्राफी दहा डिसेंबरला, चौदाशे. दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या. फाइल उघडली की मला त्यांच्याशिवाय काही दिसेचना. डॉक्टर म्हणतात, गाठ एवढी वाढली होती, की पंधरा दिवसांनी काही फरक पडला नसता. भला माणूस आहे, म्हणणारच.

दिवाळीपर्यंतच्या फाइलीत ती अजून माझ्याकडून गजऱ्याला वीस रुपये मागून घेते. मी तिथंच थांबायचं ठरवलं.

तुझ्याकडची प्रत न उघडता पुसून टाक. बापाचं एवढं ऐक. माझी चूक तू वाचावीस असं मला वाटत नाही. जपून राहा.

तुझे,
आप्पा

टेंभुर्णी,
ता. ३० एप्रिल २०२५

ती. आप्पांना सोनमचा शि. सा. न.

तुमचा शब्द मी मोडला. पत्र वाचलं आणि लगेच ती प्रत उघडली.

टायरची ओळ दिसली. तिच्यावर आणखी एक ओळ होती. बावीस नोव्हेंबर, ओवा, शंभर ग्रॅम, चाळीस रुपये. आणि तपशिलाच्या रकान्यात तुमच्या सवयीप्रमाणे कारण लिहिलेलं, सोनमने फोनवर सांगितला म्हणून.

आईनं आधी मला फोन केला होता, आप्पा. मी गडबडीत होते. पित्त झालं असेल, ओवा चाव आणि वर गरम पाणी पी, म्हटलं आणि फोन ठेवला. पुन्हा विचारलंसुद्धा नाही. हे मी मल्हारांनाही सांगितलेलं नाही. आईला आणि मला सोडून कुणाला ठाऊक नाही, असं धरून चालले होते.

टायरचं तुम्हाला लागलंय, हे मला कळतं. पण स्वतःची चूक तुम्ही कधी खोडली नाहीत. शाळेतसुद्धा हजेरीपटावर चूक झाली, तर शेजारी लाल शाईनं लिहून सही करायचात. नुसत्या टायरसाठी तुम्ही फाइल पुसली नसती. मला ओवा दिसू नये म्हणून तुम्ही टायर पुढं केलात.

प्रत मी पुसणार नाही. अकरा तारखेच्या रविवारी घेऊन येते. तुम्हाला माझा राग आला असेल, तर समोर बसवून रागवा. पण मला दूर ठेवू नका.

तुमची,
सोनम

जुळे सोलापूर,
ता. ४ मे २०२५

चि. सोनम हिस अ. उ. आ.

पत्र मिळालं. तू ओळखलंस, आता नाही कशाला म्हणू.

ओव्यानं तिला दोन दिवस खरंच बरं वाटलं होतं. समोरच्या सावित्रम्मांना कौतुकानं सांगत होती, की लेकीनं सांगितलं तसं केलं आन् दुखायचं थांबलं बघा. मी तिथंच उभा होतो. किंमत लिहिली, कारण लिहिलं, एवढं लिहायचं राहून गेलं.

रविवारी ये. त्या ओळीपुढं ते तुझ्या हातानं लिही.

तुझे,
आप्पा