आईच्या वाट्याची भाकर

बाई, आज रविवार, संध्याकाळचे सात वाजलेत. आईला औषध देऊन, तिची उशी उलटी करून मी लिहायला बसलो आहे. तुम्ही देवाघरी गेल्यापासून मी एकदाही प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीत मोडतात ती भाकर, घेतलेलं नाही. ज्याचं मन साफ नाही, त्यानं भाकर मोडायच्या आधी उठून चर्चबाहेर जायचं, ही आपल्या मंडळीची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. बाकीचे लोक भावकीत भांडण झालं, तर एखाद्या वेळी उठतात. मी दर वेळी उठतो. आदल्या रात्री स्वतःला तपासायला बसलं, की काही ना काही सापडतंच.

अजून डोळ्यांपुढे आहे: तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही त्या भाकरीची कणीक मळत आहात आणि मी ओट्याशी बसून बायबलातलं प्रेषिताचं पत्र वाचतो आहे. त्यात लिहिलं होतं, पहिल्या मंडळीतला दुसरा एक प्रेषित परजातीच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचा. अशांबरोबर जेवू नये असं मानणारी, नियमशास्त्राची कडक माणसं आली, तसा तो पंगतीतून उठला. तिथं तुम्ही मला थांबवलं. "ज्याच्या बाजूचा उठून गेला, त्याले कसं वाटलं असन रे?"

मी म्हणालो, "पण बाई, नियम तर देवानंच दिला होता ना?"

तुमची सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून झालेली. तुम्ही हसलात. "हाव, देवानंच देल्ला. पण थर्मामीटर हाय तो. ताप दाखवते. घडीघडी लावला म्हणून उतरते का? तू तर काखेत घेऊनच झोपतं, बापू! ताप उतरवते ते कृपा. अन् तिची फी नसते."

आईला आता घरीच ठेवा, असं बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. एकदा माझ्या शेजारी बसून भाकर घ्यायची, एवढीच तिची इच्छा होती. पण काल पहाटे तिचं अंथरूण ओलं झालं आणि मी तिच्यावर ओरडलो, "सांगता येत नाही का तुले?" ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आज तिला ऑटोतून चर्चला नेलं, बाकावर बसवलं आणि भाकर मोडायची वेळ आली तसा त्या ओरडण्यापायी उठलो. तिनं माझी बाही धरली. मी ती सोडवली.

बाहेर निंबाखाली उभा होतो. थोड्या वेळानं ती भिंत धरधरून दाराशी आली. तळहातावर भाकरीचा अर्धा तुकडा.

"घे."

"आई, असं बाहेर आणत नसतात. पाळक काय म्हणतीन?"

"माह्या वाट्याचा हाय. पाळकाले मी पाहून घेईन."

"काल मी तुह्यावर ओरडलो."

"माह्यावरच ओरडला ना? मंग पाळकाचं काय गेलं? खाय आता. उभं राहवत नाही मले."

हे पत्र तुमच्या कबरीजवळ नेऊन वाचायचं ठरवलं होतं. नेणार नाही. एक गोष्ट तिथं मोठ्यानं म्हणायची लाज वाटते. मी तो तुकडा खाल्ला, बाई. पण आधी नळावर जाऊन हात धुतले, दोनदा. तोवर ती पायरीवर टेकून, हात तसाच पुढे धरून बसली होती.