अर्धी बाटली

कोकिला,

देरासरातून दर्शन घेऊन आलीस की थेट दवाखान्यात ये. शेजारचा रमणिकभाई मला रिक्षाने नेतोय. जांघेतल्या गाठी काढल्या तिथली सूज आज आणखी वाढलीय.

काल डॉक्टर तुला म्हणाले, "बेन, जखमेच्या नळीतून बाटलीत साचणारं पाणी मोजायला चुकलात, म्हणून नळी लवकर काढली गेली." तू हात जोडून माफी मागितलीस. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तू उठायच्या आत मीच रोज अर्धी बाटली मोरीत ओतत होतो, माप कमी भरून नळी लवकर निघावी म्हणून. भाचीच्या साखरपुड्यात नळी लोंबकळवत जायची लाज वाटत होती मला.

सुजेसाठी दिलेला पायाचा घट्ट मोजा कपाटामागे टाकलाय, तोही मीच. तो आण. खायला खाखरे नकोत. तू रोज लिहायचीस ती मापाची वही मात्र विसरू नकोस. ती डॉक्टरांपुढे ठेवून, त्यांच्यासमोरच तुझी माफी मागायचीय.

जयसुख